पुराच्या गोळ्या

"पुराच्या गोळ्या द्या," आजोबा म्हणाले. काउंटरमागचा पोरगा आधी गोंधळला, मग आपल्याला कळलं असं वाटून त्यानं पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांचं पाकीट काचेवर ठेवलं. "ह्या नव्हं रे. माझ्याच. रोजच्याच. पंधरा दिवसांच्या जादा पाहिजेत." पोरानं चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. "आजोबा, महिन्याच्या तर तुम्ही दोन तारखेलाच नेल्यात की." "म्हणून तर पुराच्या म्हणतोय," आजोबा म्हणाले. डोक्यावर टोपीऐवजी दुधाची पिशवी उलटी करून बसवलेली, तिच्यातून पाण्याचे थेंब चष्म्यावर गळत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हाताची बोटं काउंटरवर घट्ट टेकवलेली. जुलैचा शेवट, सांगलीतली संध्याकाळ, बाहेर रस्ता नुसता चकाकत होता. त्यांच्यामागे मी उभी होते, हातात आईची यादी घेऊन. पोराला कळत नव्हतं. २०१९ साली महापूर आला तेव्हा तो फार तर सहावी-सातवीत असेल. मला मात्र पहिल्या शब्दालाच कळलं होतं.

आतून मालक आले, फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी एक पट्टी काढून दिली. "दहा न्या आजोबा. यंदा काय एवढं पाणी येत नाही." "दरवर्षी तसंच म्हणतात," आजोबा पुटपुटले. पण दहा घेतल्या, पैसे मोजून दिले, पट्टी शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि गेले. पंधरा मागितल्या होत्या, दहा मिळाल्या. मी एका वाक्यात सांगू शकले असते, की अहो, द्या त्यांना पंधरा, ते काय म्हणताहेत मला माहीत आहे. मी काही बोलले नाही. यादी पुढे केली.

घरी येईपर्यंत ते दहाचं गणित डोक्यातून गेलं नाही.

सांगलीचा माणूस पावसाळ्यात फुटांत बोलतो. बाहेरगावी राहणाऱ्या पोरांचे फोन एरवी "जेवलात का" या प्रश्नानं सुरू होत असतील, जुलै-ऑगस्टमध्ये मात्र "आयर्विनला किती?" यानंच सुरू होतात. १९२९ साली कृष्णेवर बांधलेला तो आयर्विन पूल आमच्यासाठी पूल कमी आणि मोजपट्टी जास्त आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्यापुढचे आकडे ज्याच्या त्याच्या घराचे असतात. अमुक फुटाला मारुती चौक, तमुक फुटाला आमचा बोळ, त्यानंतर पायरी, मग उंबरा. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, वारणेची फुग किती आहे, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणवाल्यांनी दरवाजे उघडले की नाही, यावर सत्तरीच्या पुढची माणसं कट्ट्यावर बसून जलसंपदा खात्याला लाजवेल अशी चर्चा करतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यातले अग्रणी. २००५ ला पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढे गेलं होतं आणि आमच्या तिसऱ्या पायरीला हात लावून परतलं होतं. तेव्हापासून "तिसरी पायरी" हे त्यांच्या लेखी कृष्णामाईनं दिलेलं वचन होतं.

२०१९ च्या पाच ऑगस्टला, सोमवारी, नागपंचमी होती. टीव्हीवर दिवसभर काश्मीर. मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तेच बघत होते आणि फोनवर आई सांगत होती की दिंडं केलीत, अण्णांना एकच दिलंय, उरलेली शेजारी दिली. मागे पावसाचा आवाज इतका होता की ती जवळजवळ ओरडत होती. पाणी धोक्याच्या वर गेलंय, बोळाच्या तोंडाशी आहे, पण तू काळजी करू नको, अण्णा म्हणतात पायरीच्या वर येत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उंबऱ्यात आलं. त्या वर्षी आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. वचनाचं काय झालं ते सांगायला नको.

वरच्या मजल्यावर काय काय नेलं याची यादी आई अजून घडाघडा म्हणते. देव, गॅसची टाकी, तांदूळ, चटणीचा डबा, अंथरुणं, तिच्या आईची नथ, आणि औषधांचा डबा. फ्रिज नेता आला नाही, पण फ्रिजमधलं अण्णांचं इन्सुलिन तिनं आठवणीनं नेलं. लाईट तर आदल्या रात्रीच बंद केलेली. मग तिनं गच्चीवरचा जुना माठ अर्धा पाण्यानं भरला, इन्सुलिनची पेनं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातली, डबा माठात तरंगत ठेवला आणि वर ओलं फडकं. दर दोन तासांनी ती फडकं भिजवायची. खाली चहूकडे पाणीच पाणी आणि वर ही बाई फडकं ओलं राहावं म्हणून जागी. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की वापरात असलेलं पेन साध्या खोलीत चारेक आठवडे टिकतं, तीस अंशांच्या वर तापमान नको एवढंच. ऑगस्टच्या त्या गार दमट हवेत काही झालं नसतं. उलट काही जण घाबरून बर्फात ठेवतात आणि ते गोठून कामातून जातं, तसं तुम्ही केलं नाही हे बरं केलं. आईला हे ऐकून आनंद झाला की राग आला, मला अजून कळलेलं नाही. "म्हणजे मी उगाच जागले?" एवढंच ती म्हणाली.

जी गोष्ट खरी संपत आली होती तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

त्याआधी आमच्या बोळातल्या डायलिसिसच्या काकांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे तसंच म्हणायचे, त्यांचं खरं आडनाव नव्या भाडेकरूंना माहीतही नसेल. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसातला त्यांची रिक्षा बोळातून निघायची आणि दुपारी ते सुकलेल्या चेहऱ्यानं परत यायचे. मंगळवारचा फेरा हुकला. बुधवारी पहिली बोट बोळात आली तेव्हा तिच्यातल्या जवानांनी विचारलं, आधी कोण? खिडक्या-गच्च्यांवरून आपापल्या घरची म्हातारी आणि लेकरं दाखवत सगळे ओरडत होते. पण कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर दिवसभर बसणाऱ्या पोरांनी, ज्यांना आम्ही एरवी बिनकामाची म्हणायचो, एका सुरात सांगितलं, आधी काकांना घ्या, त्यांचा मंगळवार चुकलाय. पाय सुजून खांबासारखे झाले होते, चादरीची झोळी करून त्यांना उतरवलं. ते मिरजेला वेळेवर पोचले. बोटीत कुणीतरी मायेनं त्यांच्या हातात दोन केळी दिली होती. किडनीच्या माणसाला केळं किती घातक हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ती त्यांनी खिशात ठेवली आणि दवाखान्यात नर्सला दिली, म्हणाले, "तुम्ही खा, तुम्हीही उपाशी असाल." कुठल्या सरकारी यादीत असं लिहिलेलं असतं, की अमुक बोळात, अमुक घरी, मंगळवार-शुक्रवार? ते पानपट्टीवरच्या पोरांच्या डोक्यात होतं.

आई-अण्णांनी गुरुवारी बोटीत बसायला नकार दिला. त्याच सकाळी ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाल्याची बातमी गच्च्यागच्च्यांवरून पसरली होती, आणि अण्णा म्हणाले, बुडायचंच असेल तर माझ्या घरात बुडीन. नऊ तारीख, शुक्रवार, त्यांनी गच्चीवरच काढला. त्या दिवशी दुपारी ते आईला म्हणाले, "आज नऊ. आज रात्री बाराला आपली मेडिक्लेमची पॉलिसी संपते. आता मी सांगेपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही." आई हसली. त्यांनी विनोद केला असं तिला वाटलं. अण्णा बँकेत कॅशियर होते, तारखांच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात कधी विनोद केला नव्हता.

ते पॉलिसीचं प्रकरण माझ्या बाजूनं असं घडलं. दरवर्षी मुदत संपायच्या आठवडाभर आधी एजंट घरी यायचे, चहा घ्यायचे, अण्णांचा चेक न्यायचे. त्या वर्षी एजंट स्वतःच कुणाच्या तरी दुसऱ्या मजल्यावर अडकलेले. मी पुण्यात लॅपटॉप उघडून बसले. पॉलिसी नंबर माझ्याकडे होता, पैसे होते, चोवीस तास चालणारं इंटरनेट होतं. सगळं भरलं, आणि पडद्यावर आलं : आपल्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. तो मोबाइल सांगलीत गावभागातल्या एका गच्चीवर, अण्णांच्या पायजम्याच्या खिशात, तीन दिवसांपासून बंद पडलेला. मी पाच वेळा ओटीपी मागवला. पाचही वेळा त्या पानानं साठपासून शून्यापर्यंत सेकंद मोजले. कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या मुलीला मी पूर म्हणजे काय ते समजावत होते आणि ती अतिशय गोड आवाजात विचारत होती, "मॅडम, पॉलिसीहोल्डरशी आमचं बोलणं होऊ शकेल का?"

मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत असते हे मला तेव्हा त्याच मुलीनं सांगितलं, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढचं तिनं सांगितलं नाही, मी नंतर वाचलं. त्या तीस दिवसांत पैसे भरले तर पॉलिसी मोडत नाही, जुन्या आजारांसाठी जी वर्षं वाट पाहून काढली ती वाया जात नाहीत. पण वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्याला, संपल्याच्या तारखेपासून पैसे भरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत दवाखान्यात जावं लागलं, तर त्याला छत्र नाही. अण्णांना हे पाठ होतं. पॉलिसीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचणारा मला माहीत असलेला तो एकमेव माणूस. शहात्तराव्या वर्षी, सहा महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलेल्या माणसाला ही पॉलिसी सुटली तर नवी कोण देणार, हेही त्यांना माहीत होतं. तेव्हा पासष्टीनंतर नव्यानं दारात उभं राहणाऱ्याला बहुतेक कंपन्या हात जोडायच्या. ती वयाची अट २०२४ मध्ये निघाली. तोवर अण्णा राहिले नव्हते.

दहा तारखेला त्यांना बोटीतून काढलं, विश्रामबागला मावशीकडे नेलं. तो भाग उंचावर, तिथे पाणी नव्हतं, पण नळालाही पाणी नव्हतं. मी अकराला विट्यावरून वळसा घालून कशीबशी पोचले. अण्णा मावशीच्या गॅलरीत मावसभावाचा टी-शर्ट घालून बसले होते, त्यावर इंग्रजीत काहीतरी फुटबॉलचं लिहिलेलं. आयुष्यात त्यांना कॉलरशिवाय पाहिलं नव्हतं. "प्रवास कसा झाला?" त्यांनी विचारलं, जणू मी दिवाळीलाच आले होते. त्यांच्याकडे बघून सगळं ठीक आहे असं मी ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून जवळच्या शाळेतल्या छावणीत मदतीला जायला लागले. घरी बसवत नव्हतं.

त्या शाळेचा वास मला अजून येतो. ओले कपडे, फिनेल, खिचडीची फोडणी आणि खडूची भुकटी. वऱ्हांड्यात देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग, त्यात एक शेरवानीही होती. बिस्किटांचे पुडे इतके की उशाला घेऊन पोरं झोपायची. चहा पाकासारखा गोड, कारण शंभर माणसांचा चहा करणारा माणूस एकदाच साखर टाकतो. आणि त्या चहात बिस्किट बुडवून खाणाऱ्या ओळीतली निम्मी माणसं साखरेची. एका खोलीत मेडिकल कॉलेजची तरुण मुलं-मुली टेबल मांडून बसली होती. ताप, जुलाब, जखमा, टिटॅनसचं इंजेक्शन, पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळायची गोळी, सगळं होतं त्यांच्याकडे. माझं काम रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांची नावं आणि चालू औषधं लिहून घ्यायची. पहिल्याच आजींना विचारलं, कसली गोळी घेता? "पांढरी." कशाची? "सकाळची." केवढी? त्यांनी करंगळीच्या नखावर अंगठ्यानं माप दाखवलं. मी कागदावर लिहिलं : पांढरी, सकाळची, नखाएवढी. डॉक्टर मुलगी तो कागद हातात घेऊन माझ्याकडे आणि आजींकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग एकेक करून सगळे तसेच. गुलाबी, रात्रीची. चंदेरी पाकिटातली. डॉक्टरसाहेबांनी दिलेली. त्यांना माहीत आहे की. त्यांचा दवाखाना पाण्यात, त्यांची नोंदवही पाण्यात, साहेब स्वतः कुठल्या नातेवाइकाकडे कुणास ठाऊक. एका माणसाला आजवर काय काय झालं, त्याला कशाची ॲलर्जी, कुठली गोळी सोसली नाही, हे सगळं एका फॅमिली डॉक्टरच्या डोक्यात, एका केमिस्टच्या खातेवहीत आणि एका प्लास्टिकच्या फाइलीत असतं. ती तिन्ही एकाच बोळात, एकाच पुरात.

काहींना त्या मुलांनी रक्तदाब मोजून त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. रंग वेगळा. एक गृहस्थ ती तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग परत पाकिटात टाकली. "माझी ही नाही," म्हणाले. उद्धटपणानं नाही, गर्दीत दुसऱ्याची चप्पल पायात आल्यावर परत करावी तसं. मी त्यांना अर्धा तास समजावलं. मला स्वतःच्या समजूतदारपणाचं तेव्हा कौतुकही वाटलं होतं.

आणि घरी अण्णा गोळ्या अर्ध्या करत होते.

हे आईनं मला चौदा तारखेला रात्री सांगितलं, मावशीच्या मोरीत भांडी घासताना, पाठ माझ्याकडे ठेवून. रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा तारखेला सातच उरल्या होत्या, कारण दुकानाचं खातं दहा तारखेला व्हायचं आणि महिन्याचं औषध त्या दिवशीच यायचं. पाणी किती दिवस राहणार माहीत नाही, म्हणून अण्णांनी दाढीच्या पात्यानं त्यांचे चौदा तुकडे केले. गच्चीवर ठीक. पण विश्रामबागला आल्यावर? तिथे दुकानं उघडी होती, गर्दी होती, पण होती. मी रोज छावणीत गोळ्यांची नावं लिहीत होते, एक शब्द बोलले असते तर आणल्या असत्या. आई म्हणाली, "सगळ्यांनी एवढं केलंय, मावशीनं बिछाना दिला, कपडे दिले, आता औषधाचे पैसे तिच्या घरातून नकोत म्हणाले. आणि तुझ्याकडे कसं मागायचं म्हणून गप्प." छातीत जरा जड वाटतंय हेही बारा तारखेला तिला बोलले होते आणि लगेच म्हणाले होते, कुणाला सांगू नको, पॉलिसी चालू झाली की बघू.

पंधराला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, आम्ही त्यांना मिरजेला दाखवून आणलं. नशीब म्हणायचं, काही झालं नव्हतं. मिरजेला दवाखान्यांची परंपरा अशी की तिथलं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वॉनलेस साहेबांपासून सव्वाशे वर्षं सांगली-कोल्हापूर-बेळगावचा माणूस दुखणं घेऊन तिथेच जातो, त्या दिवशी तर अख्खा जिल्हा तिथे होता असं वाटलं. डॉक्टर अण्णांना रागावले नाहीत, माझ्याकडे वळून रागावले. स्टेंट टाकल्यावर पहिलं वर्ष ही गोळी एक दिवसही चुकवायची नसते, अर्धी तर नाहीच नाही, आत गुठळी झाली तर वेळ मिळत नाही. "साखर दोन दिवस वर-खाली झाली तर मी सांभाळीन. ह्याला खंड नको." अण्णा खाली बघत टी-शर्टचं टोक सरळ करत होते. पॉलिसी मी सतराला चालू केली, त्यांचा मोबाइल तांदळात ठेवून ठेवून एकदाचा सुरू झाल्यावर, ओटीपी त्यांच्याच तोंडून ऐकून. मधल्या आठ दिवसांत आमच्या घरात कुणी आजारी पडलं नाही. सांगितलं होतं तसंच.

पाणी उतरल्यावर घर उघडलं तेव्हा जे दिसलं ते सांगलीत राहणाऱ्याला सांगायला नको आणि न राहणाऱ्याला सांगून कळणार नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यातली फाइल सापडली. डिस्चार्ज कार्डावरची शाई फुटून निळा ढग झालेला, ईसीजीच्या पट्ट्या कोऱ्या. अँजिओग्राफीची सीडी तेवढी धुतल्यावर लख्ख निघाली, ती वाचायचं यंत्र मात्र आता कुणाकडेच नसतं. मावशीच्या हॉलमध्ये दोरी बांधून, पंख्याखाली, चिमटे लावून मी ते कागद वाळवले. तलाठ्याबरोबर पंचनाम्याला आलेल्या मुलानं भांडी, कपडे, धान्य असं विचारून लिहून घेतलं. औषधं? तो म्हणाला, "असा रकाना नाही, ताई."

पुढच्या वर्षांत बऱ्याच गोष्टी बदलल्या, तेही सांगायला हवं, नाहीतर कृतघ्नपणा होईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं छत्र आता पाच लाखांपर्यंत गेलंय आणि सगळ्या रेशनकार्डांना खुलं झालंय. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. आईचं मी काढून आणलं. त्या दिवशी तिचा अंगठा यंत्रावर उमटेना, भांडी घासून रेषा गेलेल्या, चार वेळा पुसून, गरम करून शेवटी उमटला. पुरात पाच दिवस भिजलेल्या बोटांचं काय होत असेल, असा विचार तिथेच आला. पण माझं खरं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ही सगळी छत्रं दवाखान्याच्या कॉटवर आडवं झाल्यावर उघडतात. मेडिक्लेमचंही तेच. माणूस दाखल व्हावा लागतो. दाखल होऊ नये म्हणून जी सात-आठ रुपयांची गुलाबी गोळी रोज सकाळी लागते, ती कुणाच्याच छत्राखाली येत नाही. सुक्या दिवसांत ती पेन्शनीतून येते, पुरात दाढीच्या पात्यानं अर्धी होते.

२०२१ ला पाण्यानं पुन्हा पन्नाशी ओलांडली, त्यात करोना. पण त्या खेपेला अण्णा इशाऱ्याच्या पातळीलाच, चाळीस फुटांवर, स्वतःहून मावशीकडे निघाले. हातात फक्त एक पिशवी. जाड प्लास्टिकची, चेन असलेली, साडीच्या दुकानात मिळते तशी. तिच्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या, लसीचं सर्टिफिकेट, पॉलिसीची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि एक कागद. त्या पिशवीला आमच्या घरात "पुराची पिशवी" म्हणतात. म्हणून "पुराच्या गोळ्या" मला पहिल्या शब्दाला कळल्या.

मग मी दुकानात गप्प का राहिले? खूप विचार केला. एक कारण मला आवडत नाही पण तेच खरं असावं : मागून कुणीतरी "अहो, यांना पुराची भीती वाटतेय" असं म्हटलेलं त्या आजोबांना आवडलं नसतं, असं मी माझ्याशीच ठरवलं. अण्णांना आवडलं नसतं. मागण्याची लाज त्यांची होती आणि ती सांभाळायची सवय आता मला लागली आहे. हे चांगलं की वाईट, मला नाही ठरवता येत. पण पाच गोळ्या कमी पडल्या हे खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्या दुकानात गेले. मालक एकटेच होते. आजोबांची गोष्ट काढली. ते म्हणाले, चिठ्ठीशिवाय जास्त देता येत नाही, आणि डॉक्टर दीड महिन्याची लिहून देत नाहीत असंही नाही, पण मागतं कोण? मग जरा थांबून म्हणाले, २०१९ ला माझं दुकान छतापर्यंत पाण्यात होतं, सगळा माल गेला, पण गिऱ्हाइकांची वही मी वर नेली होती. त्या वहीवरून पंधरा दिवस फोनवर लोकांना गोळ्यांची नावं सांगत होतो. आजोबांचं नाव वहीत आहे, पुढच्या वेळी पंधरा देतो, चिठ्ठी तेवढी आणायला सांगा. कोण सांगणार, मी की ते, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

संध्याकाळी आई पुराची पिशवी काढून बसली होती. आषाढ संपता संपता ती हे करते, लोणच्याची बरणी हलवून बघावी तसं. पिशवीतल्या जुन्या गोळ्या रोजच्या डब्यात, नव्या आणलेल्या पिशवीत, तारखा भिंगातून वाचून. मी कॉटवर पडून तिला आयर्विनचे आकडे वाचून दाखवत होते. "अठ्ठावीस." "हं." पिशवीच्या तळाशी तो कागद होता, अण्णांच्या कॅशियरी अक्षरात : गोळीचं खरं नाव, घटक, किती मिलिग्रॅम, केव्हा, कशासाठी, आणि शेवटच्या रकान्यात रंग, कारण छावणीची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. मागच्या बाजूला आईची औषधं, तीही त्यांनीच लिहिलेली, त्यातली निम्मी आता बदललीत, रेघ मारून त्याखाली माझं अक्षर. परवा डॉक्टरांनी तिची थायरॉइडची गोळी पन्नासची पंचाहत्तर केली होती. ती लिहायला मी पर्समधून पेन काढलं.

"पेनानं नको गं," आई भिंग खाली ठेवत म्हणाली, "शाई फुटते. पेन्सिल आण, देवाच्या फळीवर आहे."